इंग्लंडच्या खेड्यात घर घेताना: जमिनीखाली, भिंतीत आणि कागदात काय पाहायचं

शहरात जी कामं कौन्सिल आणि कंपन्या परस्पर उरकतात, त्यातली निम्मी इंग्लंडच्या खेड्यात घरमालकाच्या गळ्यात असतात. सांडपाणी जिरवायचं, इंधन साठवायचं, कधी पिण्याचं पाणी शुद्ध करायचं, कधी दारापर्यंतचा रस्ताही दुरुस्त करायचा. जाहिरातीत या सगळ्याला जेमतेम एक ओळ मिळते: 'ऑइल हीटिंग, खासगी ड्रेनेज'. बाग आणि टेकडी अवश्य बघा, शहर त्यासाठीच सोडायचं असतं. पण घराची खरी किंमत त्या एका ओळीत दडलेली असते आणि ती ऑफर देण्यापूर्वी उलगडली पाहिजे. पुढची सगळी माहिती इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंडचा खरेदीचा कायदा वेगळा, वेल्सचा करही वेगळा.

पैशांचा मार्ग आधी मोकळा करा

बँकेकडून किंवा मॉर्गेज ब्रोकरकडून तत्त्वतः मंजुरीचं पत्र घ्या. त्याशिवाय एस्टेट एजंट ऑफर फारशी मनावर घेत नाहीत. परदेशी नागरिकाला इंग्लंडमध्ये घर घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. मात्र व्हिसावर असलेल्यांकडून काही बँका जास्त डिपॉझिट मागतात, म्हणून ब्रोकरला व्हिसाचा प्रकार आणि उरलेली मुदत पहिल्याच फोनवर सांगून टाका.

आता स्टॅम्प ड्युटी. १ एप्रिल २०२५ पासून पहिल्या १,२५,००० पौंडांवर काही नाही, तिथून अडीच लाखांपर्यंत २ टक्के, अडीच ते सव्वानऊ लाखांवर ५ टक्के आणि त्यापुढे १० व १२ टक्के. पहिलंच घर असेल तर तीन लाखांपर्यंत माफी आणि तीन ते पाच लाखांवर ५ टक्के. घर पाच लाखांच्या वर गेलं की ही सवलत संपूर्ण जाते. म्हणजे साडेतीन लाखांच्या घरावर पहिल्यांदा घेणाऱ्याला २,५०० आणि इतरांना ७,५०० पौंड.

मराठी घरांतून आलेल्यांचं गणित नेमकं इथे चुकतं. 'पहिलं घर' याचा अर्थ जगात कुठेही पहिलं. पुण्यातला फ्लॅट नावावर असेल किंवा वडिलांच्या पश्चात ठाण्याच्या घरात वारसाहक्काने हिस्सा मिळाला असेल, तरी पहिल्या घराची सवलत गेली. शिवाय जगात कुठल्याही घरातला तुमचा हिस्सा ४०,००० पौंड किंवा जास्त किमतीचा असेल आणि तुम्ही स्वतःचं राहतं घर विकून दुसरं घेत नसाल, तर पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा कर लागतो. साडेतीन लाखांच्या त्याच घरावर मग ७,५०० ऐवजी २५,००० पौंड भरावे लागतात. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर आणि खरेदी बायकोच्या, असं करूनही सुटका नाही. पती-पत्नी एकच धरले जातात. गेल्या तीन वर्षांत वारशाने आलेला पन्नास टक्के किंवा कमी हिस्सा जादा करासाठी मोजत नाहीत, एवढी एक फट आहे. खरेदीच्या आधीच्या वर्षात १८३ दिवस ब्रिटनमध्ये राहिला नसाल तर आणखी २ टक्के. हा विषय सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचं काम पाहणाऱ्या वकिलाला, लेखी विचारा. फ्लॅट लपवून नंतर सापडला तर करासोबत व्याज आणि दंडही येतो.

भारतातून पैसे आणायचे असतील तर निदान तीन महिने आधी सुरुवात करा. निवासी आई-वडील माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकतात. वर्षभरात दहा लाख रुपयांच्या पुढे गेलेल्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापते. तो त्यांच्या विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकून पडतो. तुमचा स्वतःचा फ्लॅट विकून आलेली रक्कम एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येते, त्यासाठी चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्र लागतं. इंग्लंडमधला सॉलिसिटर पैशाचा उगम विचारणारच. खरेदीखत मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर तयार ठेवा. आई-वडिलांनी भेट दिली असेल तर ती कर्ज नाही आणि घरावर त्यांचा हक्क नाही, असं सहीचं पत्र बँक मागते.

गाव कधी बघायचं

शनिवारी सकाळी अकराला दाखवलेलं गाव शांतच असतं. तेच गाव आठवड्यातल्या सकाळी साडेआठला, शुक्रवारी रात्री आणि एकदा भर पावसात बघा. शाळेच्या वेळेला अरुंद रस्ता तुंबतो का, पबची पार्किंग तुमच्या खिडकीखाली येते का, पावसाचं पाणी रस्त्यावरून नेमकं कुणाच्या फाटकात शिरतं, हे तेव्हाच कळतं. खेड्याला स्वतःचे आवाज आणि वासही आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये कापणीची यंत्रं रात्री उशिरापर्यंत चालतात, शेतात खत पसरलं की दोन-तीन दिवस खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, आणि १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी फेझंट पक्ष्याच्या शिकारीचे बार ऐकू येतात. याबद्दल तक्रार करून काही होत नाही, आणि गावात नावही खराब होतं.

पॅरिश कौन्सिलच्या (गावपातळीवरच्या कौन्सिलच्या) सभांची इतिवृत्तं वेबसाइटवर असतात. मागच्या दोन वर्षांची वाचून काढा. कुठल्या शेतावर घरं येणार, कुठली बस बंद होणार, कुठल्या गल्लीतलं गटार तुंबतं, सगळं त्यात सापडतं. एजंटला यातलं निम्मंही ठाऊक नसतं. जिल्हा कौन्सिलच्या नियोजन विभागाच्या नकाशावर शेजारच्या जमिनींचे अर्जही पाहा.

मोबाईलची रेंज घराच्या आत, जिन्याखाली आणि मागच्या खोलीत तपासा. दोन फूट जाडीच्या दगडी भिंतीतून सिग्नल आत येत नाही. ब्रॉडबँडसाठी दूरसंचार नियामक ऑफकॉमच्या साइटवर पत्ता टाका आणि फायबर थेट घरात येतं की रस्त्यावरच्या पेटीपर्यंतच, हे विचारा. पेटीपासून पुढे तांब्याची तार असेल तर घर जितकं लांब तितका वेग कमी.

मुलं असतील तर प्राथमिक शाळेचा अर्ज १५ जानेवारीपर्यंत आणि माध्यमिकचा ३१ ऑक्टोबरपर्यंत असतो. जवळची योग्य शाळा आठ वर्षांखालील मुलाला दोन मैलांच्या, त्यावरील मुलाला तीन मैलांच्या पुढे असेल तर कौन्सिल मोफत वाहन देतं. पालकांनी स्वतःहून लांबची शाळा निवडली तर मात्र देत नाही.

सांडपाणी: सगळ्यात जास्त पैसे इथे मुरतात

सार्वजनिक गटार नसलेल्या गावात तीन प्रकार दिसतात. सेसपिट म्हणजे नुसती बंद टाकी. भरली की टँकर बोलवायचा, आणि ती फार लवकर भरते. सेप्टिक टँकमध्ये गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी सच्छिद्र पाइपांतून जमिनीत मुरतं. ट्रीटमेंट प्लँटमध्ये हवा सोडून पाणी आणखी स्वच्छ केलं जातं, त्याला वीज लागते.

१ जानेवारी २०२० पासून सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात किंवा चरात सोडायला बंदी आहे. तरीही जुन्या घरांत तसं चालू असतं, कारण घर विकेपर्यंत कुणी पाहत नाही. विक्रेत्याने टाकीची माहिती खरेदीदाराला लेखी द्यावी असा नियमच आहे, तेव्हा टाकी कुठे, बाहेर पडणारं पाणी कुठे जातं, शेवटचा उपसा कधी झाला आणि टाकी शेजाऱ्यांबरोबर सामाईक आहे का, हे चारही प्रश्न लेखी विचारा. टाकी शेजाऱ्याच्या जमिनीत असेल तर तिथे जाण्याचा, दुरुस्तीचा हक्क मालकीच्या कागदात लिहिलेला हवा.

नुसत्या उत्तरांवर राहू नका. ड्रेनेजवाल्याकडून कॅमेऱ्याने तपासणी करून घ्या. हा खर्च काही शे पौंडांचा असतो, तर नवीन प्लँट आणि मुरवणीचं क्षेत्र दहा हजारांच्या पुढे सहज जातं. स्वतःच्या डोळ्यांनीही बघा: हिरवळीचा एखादा पट्टा इतरांपेक्षा गर्द आणि पायाखाली पचपचीत असेल तर तिथलं मुरणं बंद पडलंय. नवीन व्यवस्थेला जागा आहे का, हे टेपने मोजा. टाकी राहत्या घरापासून ७ मीटर आणि मुरवणीचं क्षेत्र १५ मीटर लांब लागतं. ते ओढ्यापासून १० आणि विहिरीपासून ५० मीटर हवं, आणि टँकर टाकीच्या ३० मीटरच्या आत पोचला पाहिजे. छोट्या बागेत ही सगळी अंतरं बसत नाहीत, आणि मग हजारो पौंड देऊनही सोपा मार्ग उरत नाही.

टाकीचा आकार चार माणसांपर्यंत २,७०० लिटर, पुढे प्रत्येकी १८० लिटर जास्त, असा धरतात. सासू-सासरे सहा महिने राहायला येणार असतील तर त्यांनाही मोजा.

आपल्या स्वयंपाकाने ही व्यवस्था लवकर आजारी पडते. कढईतलं उरलेलं तेल, तुपाची बेरी, आमटीवरचा तवंग गरम पाण्याबरोबर सिंकमधून जातो, टाकीत थंड होऊन थिजतो आणि पाइपांची छिद्रं लिंपून टाकतो. एकदा मुरवणीचे पाइप असे बुजले की उपसा करून उपयोग नाही, खणूनच काढावे लागतात. तेलकट भांडी आधी कागदाने पुसा, तेल डब्यात साठवून कचऱ्यात टाका. ब्लीच ओतू नका, गाळ पचवणारे जिवाणू मरतात. वर्षातून एकदा उपसा करा आणि पावत्या जपून ठेवा. पुढे विकताना याच पावत्या कामाला येतात.

घर गरम ठेवणं

गावात गॅसची पाइपलाइन नसेल तर बहुधा केरोसीनवरचा बॉयलर असतो, काही ठिकाणी एलपीजी. ऊर्जा नियामक ऑफजेमची दरमर्यादा तेलाला लागू नाही, त्यामुळे भाव बाजाराप्रमाणे वरखाली होतो. टँकर साधारण ५०० लिटरच्या खाली येत नाही. जुन्या दगडी घराला वर्षाला २,००० लिटर सहज लागतं. पुष्कळ गावांत लोक एकत्र मागणी नोंदवतात आणि थोडं स्वस्तात घेतात, तो गट कोण चालवतं ते आधीच विचारून ठेवा.

तेलाची टाकी बघताना तिच्या भोवती दुसरं कवच आहे का, खालचा चौथरा तडकलाय का, प्लास्टिक उन्हाने फिकट आणि ठिसूळ झालंय का, हे पाहा. गळती झाली तर माती उपसण्याचा खर्च टाकीच्या किमतीच्या कित्येक पट येतो, म्हणून विम्यात तेलगळती आहे याची खात्री करा. तेल पूर्ण संपू देऊ नका. तळाचा गाळ आणि पाणी बॉयलरकडे ओढलं जातं, नळीत हवा शिरते आणि भर थंडीत मेकॅनिकची वाट बघावी लागते. थंडीत बॉयलर बंद पडण्याचं आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे त्यातून पाणी टाकणारी बारीक प्लास्टिकची नळी. ती घराबाहेरून गेली असेल तर गोठते. नळी ३२ मिलिमीटरची असावी आणि तिला वेष्टण हवं. गोठलीच तर कोमट पाणी ओता, उकळतं नको.

हीट पंपासाठी (बाहेरची उष्णता विजेवर घरात आणणाऱ्या यंत्रासाठी) सरकारच्या बॉयलर अपग्रेड स्कीममधून ७,५०० पौंड मिळतात. पण छताखालचं इन्सुलेशन आणि फटी आधी बघा. गळक्या घरात तो पंप वीज खात राहतो आणि खोल्या तरी कोमटच.

भिंती, छप्पर आणि ओल

साधारण १९१९ पूर्वीच्या घरांना आत पोकळी नसलेल्या सलग भिंती असतात: कॉट्सवोल्ड्समध्ये चुनखडीचा दगड, नॉरफोकला फ्लिंट म्हणजे गारगोटी, सफोकला लाकडी सांगाडा, डेव्हनला मातीचा कॉब. त्या चुन्यात बांधलेल्या असतात. पाऊस थोडा आत शिरतो आणि चुन्याच्या सांध्यांमधून पुन्हा वाळून बाहेर पडतो. कुणीतरी मध्येच हे सांधे सिमेंटने भरले किंवा बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की पाणी आत कोंडतं. मग दगडाचा पृष्ठभाग थंडीत सुटून पडतो आणि आतला रंग फुगतो.

हे ओळखायला किल्ली पुरते. सांध्यावर हलकेच ओढून बघा: चुना पिवळसर-पांढरा असतो आणि भुगा पडतो, सिमेंट राखाडी, कडक, ओरखडाही उमटत नाही. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान १५० मिलिमीटर खाली असायला हवी. बागेची माती वर्षानुवर्षं चढत गेली असेल तर नुसती ती उतरवली आणि पन्हळी साफ केल्या तरी पुष्कळ घरांची ओल जाते. रसायन टोचून ओल थांबवण्याचं अंदाजपत्रक कुणी लगेच हातात दिलं तर थांबा. रसायन विकणाऱ्या कंपनीचा मोफत सर्व्हे हा सर्व्हे धरू नका.

जुन्या घराला आरआयसीएसचा (सर्व्हेअरांच्या व्यावसायिक संस्थेचा) तिसऱ्या स्तराचा सर्व्हे घ्या, साधारण ८०० ते १,५०० पौंड. बँकेचं मूल्यांकन बँकेसाठी असतं, त्याच्या भरवशावर घर घेऊ नये. पोटमाळ्यात फवारलेला फोम दिसला तर बँकेशी आधी बोला, कित्येक बँका कर्ज नाकारतात. कॉर्नवॉलमध्ये १९५० पूर्वीचं काँक्रीट ब्लॉकचं घर असेल तर मंडिक चाचणी लागते. तिथल्या खाणींतला दगड वापरलेलं काँक्रीट आतून भुसभुशीत होतं. गवती छप्पर असेल तर वॉटर रीड (पाणथळीतला बोरू) २५ ते ४० वर्षं टिकतं, पण आढ्याची पट्टी १० ते १५ वर्षांनी बदलावी लागते. लाकडाची शेगडी असेल तर विमा कंपनी धुराड्याबद्दल बारीक प्रश्न विचारते. विम्याचा दर ऑफरपूर्वीच काढा.

कॉर्नवॉल, डेव्हन, सॉमरसेट, डर्बीशायर, नॉर्दॅम्प्टनशायर या भागांत जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू येतो. मोजणीला तीन महिने लागतात, म्हणून आकडा घनमीटरमागे २०० बेक्वेरलच्या वर निघाला तर दुरुस्तीसाठी काही रक्कम विक्रेत्याच्या पैशांतून राखून ठेवण्याची अट सॉलिसिटरकरवी घालून घ्या.

लिस्टेड घर

लिस्टेड म्हणजे ऐतिहासिक वास्तू म्हणून यादीत नोंदलेलं घर. ती यादी, नॅशनल हेरिटेज लिस्ट, ऑनलाइन मोफत आहे. घर त्यात असेल तर आतली दारं, जिना, फरशीसुद्धा संरक्षित असते. परवानगीशिवाय केलेला बदल हा गुन्हा आहे. केलेलं काम पूर्वस्थितीत आणण्याची नोटीस आजच्या मालकाला येते, मग ते काम वीस वर्षांपूर्वी दुसऱ्याने केलेलं का असेना, त्याला मुदतीची मर्यादा नाही. म्हणून प्लास्टिकच्या खिडक्या किंवा पाडलेली भिंत दिसली की परवानगीचा कागद मागा. रोज फोडण्या होणाऱ्या स्वयंपाकघरात वाफ बाहेर फेकणारा पंखा लागतोच. हवा आतच फिरवणारा पंखा वास कमी करतो, वाफ भिंतीतच मुरते. पण भिंतीला १५० मिलिमीटरचं भोक पाडायलाही लिस्टेड घरात परवानगी घ्यावी लागते. ती मिळण्याजोगी आहे का, हे कौन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्याला आधी विचारा.

घर नुसतं संवर्धन क्षेत्रात असेल तर नियम सौम्य आहेत. तरी दीड मीटर उंचीवर ७५ मिलिमीटरपेक्षा जाड बुंध्याचं झाड छाटायला सहा आठवडे आधी सूचना द्यावी लागते.

ऑफर ते किल्ली

ऑफर मान्य झाली तरी कुणीच बांधील नसतं. विसार भरून सही केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत विक्रेता जास्त बोली घेऊ शकतो आणि तुम्हीही मागे फिरू शकता. ऑफर देताना घराची जाहिरात उतरवण्याची अट घाला. नंतर सॉलिसिटर मालकीचा उतारा आणि नकाशा काढतो, जे लँड रजिस्ट्रीतून तुम्हीही प्रत्येकी ७ पौंडांत काढू शकता. तो नकाशा हातात घेऊन कुंपणाभोवती चालत जा. फाटक आणि सार्वजनिक रस्ता यांच्यामध्ये हातभर पट्टी दुसऱ्याच्या नावावर असणं खेड्यात नवीन नाही.

सॉलिसिटरला स्पष्ट सांगून घ्यायच्या गोष्टी अशा: गल्ली खासगी असेल तर दुरुस्तीचा वाटा, बागेतून जाणारी सार्वजनिक पायवाट, जी काउंटी कौन्सिलच्या नकाशात असते आणि अडवता येत नाही, शेजारच्या खोलीवर चढलेली तुमची खोली, शेतीत काम करणाऱ्यांनाच राहता येईल अशी अट, जिच्यामुळे घर स्वस्त दिसतं आणि कर्ज मिळत नाही, आणि जुन्या चर्चच्या वेदीभागाच्या दुरुस्तीचं दायित्व. हे शेवटचं जुनाट वाटेल, पण वॉरविकशायरमधल्या अ‍ॅस्टन कँट्लो गावाचा असाच वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि २००३ मध्ये निकाल चर्चच्या बाजूने लागला. छोट्या एकरकमी विम्यात हा धोका सुटतो.

पुराचा धोका सरकारी साइटवर मोफत दिसतो; नदीसोबत पावसाच्या पाण्याचा नकाशाही उघडा. १ जानेवारी २००९ नंतर बांधलेलं घर पूरभागात विमा परवडावा यासाठीच्या फ्लड री योजनेत बसत नाही, त्यामुळे पूरभागातलं नवं घर विम्याला जुन्यापेक्षा महाग पडू शकतं.

अदलाबदलीच्या दिवशी सहसा १० टक्के विसार भरायचा आणि त्याच दिवसापासून घराचा विमा सुरू करायचा, कारण त्यापुढे जळालं-पडलं तरी व्यवहार पूर्ण करावाच लागतो. ताबा एक ते चार आठवड्यांत मिळतो, स्टॅम्प ड्युटी ताब्यानंतर १४ दिवसांत. ऑफरपासून मोजलं तर तीन ते सहा महिने धरा. भाड्याच्या घराची नोटीस अदलाबदल झाल्यावरच द्या.

ताबा घेताना तेलाच्या टाकीची पातळी आणि विजेच्या मीटरचा आकडा फोटोत टिपा, पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते फिरवून बघा, बॉयलरच्या सर्व्हिसची वही आणि सेप्टिकच्या पावत्या मागून घ्या. त्याच आठवड्यात दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे स्वतः जाऊन ओळख करून द्या. कुठला कचऱ्याचा डबा कुठल्या मंगळवारी बाहेर ठेवायचा, वीज गेली की कुणाकडे जनरेटर असतो आणि बर्फ पडल्यावर कुठली चढण टाळायची, हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगत नाही.